हॅश म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ओळखीतल्या अभियांत्रिकीच्या मुलांचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे वाचायला येतात. आणि दर वर्षी त्यांतल्या निम्म्यांत हे वाक्य सापडतंच: "वापरकर्त्याचा पासवर्ड एसएचए-२५६ वापरून एन्क्रिप्ट केला आहे." मी त्याखाली लाल रेघ मारतो. मुलं म्हणतात, "दादा, शब्दाचाच तर फरक आहे." शब्दाचा नाही. एसएचए-२५६ ने काहीच एन्क्रिप्ट होत नाही, तो हॅश आहे. हाच घोळ बातम्यांत असतो, ॲपच्या प्रायव्हसी पॉलिसीत असतो, डेटा चोरीला गेल्यावर कंपन्या जे माफीचं पत्र काढतात त्यातही असतो. आणि तिथे तुमचा पासवर्ड चोराच्या हातात किती वेळ टिकेल हेच त्यावर ठरतं.

एन्क्रिप्शन बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार थांबत नाही. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक चॅटच्या माथ्यावर ते लिहिलेलं असतं. मजकुराला किल्ली लावली की तो कोणालाही कळेनासा होतो आणि योग्य किल्ली लावली की जसाच्या तसा परत मिळतो. एईएस, आरएसए वगैरे प्रकार वेगळे, पण मूळ मजकूर परत मिळाला पाहिजे ही अट सगळीकडे आहे. परत मिळणार नसेल तर निरोप धाडायचाच कशाला?

हॅश म्हणजे अंगठ्याचा ठसा. जुन्या खरेदीखतावर सहीच्या जागी उठवलेला निळा अंगठा आठवा. त्यावरून तो माणूस उंच होता की बुटका, काय बोलायचा, काहीच कळत नाही. माणूस समोर असेल तर मात्र ठसा त्याचाच आहे की नाही हे लगेच सांगता येतं. एसएचए-२५६ मध्ये चार अक्षरांचा पासवर्ड घाला की चार जीबीचा सिनेमा, बाहेर पडतात २५६ बिट, म्हणजे हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांत) ६४ अक्षरं. चार जीबीचा सिनेमा ६४ अक्षरांत मावलेला नाही, तेव्हा तो त्यातून परत काढायचा प्रश्नच येत नाही. इथे किल्ली कुठे तरी जपून ठेवलेली आहे असंही नाही. उघडायला काही नाहीच, म्हणून किल्लीही नाही. (एचमॅक या हॅशवर बेतलेल्या पद्धतीत किल्ली असते, पण ती ठसा उठवताना मिसळायची. तिने ठशाचा माणूस होत नाही.)

इथपर्यंत मुलं माना डोलावतात. मग एक जण हमखास विचारतो, "पण एमडी५ हाही जुना हॅशच, आणि नेटवर तो डिक्रिप्ट करून देणाऱ्या साइट आहेत, त्या कशा चालतात?" खरी अडखळण इथे आहे.

स्वतः करून पाहा. १२३४५६ या पासवर्डाचा एमडी५ हॅश काढा. ३२ अक्षरं येतील, सुरुवात ई१०एडीसी३९ अशी. ती सगळी ३२ अक्षरं अशा साइटवर टाका, क्षणात उत्तर: १२३४५६. पाहणाऱ्याला वाटतं, उलगडलं की! पण उलगडलेलं काहीच नाही. त्या साइटवाल्याने आधीच कोट्यवधी शब्दांचे हॅश काढून तक्ता करून ठेवलाय आणि तुमचा हॅश त्यात शोधलाय. पोलिसांकडे गुन्हेगारांच्या ठशांचं रेकॉर्ड असतं तसंच. माणूस रेकॉर्डवर असेल तर नाव मिळतं, नसेल तर तोच ठसा मुका. एखादा लांब, कोणाच्या मनातही न येणारा पासवर्ड घेऊन पाहा. तीच साइट हात वर करते.

म्हणजे हॅश फोडणारा माणूस उलटा येत नाही. तो पुढच्याच दाराने येतो. एक शब्द मनात धरतो, त्याचा हॅश काढतो, जुळला का बघतो. नाही जुळला तर पुढचा शब्द.

याचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी दोन अक्षरांचं उदाहरण घेऊ. मला कोणाला तरी "हो" किंवा "ना" एवढंच गुपचूप कळवायचं आहे. एईएसने नीट एन्क्रिप्ट केलं, तर चोराला १२८ बिटांची किल्ली शोधावी लागेल आणि ते या जन्मात व्हायचं नाही. निरोप कितीही छोटा असो, त्याला किल्लीचं बळ मिळतं. आता त्याच "हो"चा एसएचए-२५६ हॅश पाठवला. चोर "हो"चा हॅश काढेल, "ना"चा काढेल, खेळ संपला. अल्गोरिदम तोच, ज्यात आजवर कोणाला भोक पाडता आलेलं नाही, आणि तरी दोन प्रयत्नांत गुपित बाहेर. हॅशमध्ये किल्ली नसते, म्हणून सगळा भार आत घातलेल्या गोष्टीवर येतो: ती ओळखायला किती अवघड आहे. "आमचे पासवर्ड २५६ बिटांनी सुरक्षित आहेत" असं वाचलं की माझं डोकं तडकतं ते यामुळे. २५६ बिट ही ठशाची लांबी आहे. गणेश१२३ हा पासवर्ड त्याने तसूभरही बळकट होत नाही.

आणि माणसं गणेश१२३ सारखेच पासवर्ड ठेवतात. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३.२ कोटी पासवर्ड उघड्या मजकुरातच चोरीला गेले. त्यांतले वेगवेगळे १.४ कोटींहून जास्त पासवर्ड आज एका यादीत आहेत आणि हॅश फोडायला बसणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तीच यादी लावतो. वेगही बघा. आरटीएक्स ४०९० हे गेमिंगसाठी विकलं जाणारं एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १६ हजार कोटींच्या आसपास एमडी५ काढतं आणि २ हजार कोटींवर एसएचए-२५६. हे हॅश वेगवानच असावेत म्हणून बनवलेले आहेत, मोठमोठ्या फायली चटकन तपासता याव्यात म्हणून. फायलीसाठी जो गुण, तोच पासवर्डसाठी घात.

म्हणून पासवर्डच्या हॅशला दोन गोष्टी लागतातच. पहिली सॉल्ट, म्हणजे मीठच: प्रत्येक खात्यासाठी वेगळी रँडम चिमूट पासवर्डात मिसळायची आणि मग हॅश काढायचा. आता दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे येतात आणि आधी करून ठेवलेले तक्ते कुचकामी ठरतात. लिंक्डइनने २०१२ मध्ये हे केलेलं नव्हतं. एसएचए-१ या जुन्या पद्धतीचे बिनमिठाचे हॅश, त्यांतले ६५ लाख त्या वर्षी बाहेर आले आणि २०१६ मध्ये कळलं की आकडा ११.७ कोटी आहे. दुसरी गोष्ट, हॅश मुद्दाम संथ हवा. असा संथ हॅश म्हणजे बीक्रिप्ट, १९९९ चा, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचा. त्यात कॉस्ट नावाचा आकडा असतो. तो एकाने वाढवला की काम दुप्पट. कॉस्ट १२ ठेवला तर तेच ४०९० कार्ड सेकंदाला चौदा-पंधराशेवर येतं. १६ हजार कोटींवरून दीड हजार! नवीन काही बांधत असाल तर माझं मत आर्गॉन२ ला. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत तो पहिला आला, आणि तो मेमरीही भरपूर खातो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला हजारो प्रयत्न एका वेळी चालवणं जड जातं. पण कोणी बीक्रिप्ट वापरत असेल तर मी भांडत नाही. नुसता एसएचए-२५६ वापरला तर भांडतो.

आता दुसरी बाजू: पासवर्ड खरोखरच एन्क्रिप्ट केले तर? ॲडोबीने केले होते. २०१३ मध्ये त्यांच्याकडून चोरी झाली. आधी २९ लाख ग्राहक म्हणाले, मग ३.८ कोटी, आणि बाहेर आलेल्या फाइलमध्ये नोंदी होत्या १५ कोटींवर. ट्रिपल डेस ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत, सगळ्यांना एकच किल्ली, आणि तेही ईसीबी पद्धतीने, म्हणजे सारखा पासवर्ड असला की एन्क्रिप्ट झालेला मजकूरही सारखाच. त्याच्या शेजारी लोकांनी लिहिलेली पासवर्डची आठवण, ती उघडीच. एकाच सांकेतिक मजकुराशेजारी हजारो लोकांनी "एक ते सहा" अशा अर्थाच्या आठवणी लिहिलेल्या, मग किल्ली कशाला हवी? सुमारे १९ लाख लोकांचा पासवर्ड १२३४५६ होता, तो असाच निघाला. आणि ती एक किल्ली जर चोराला मिळाली असती, तर मोठ्यातला मोठा, अवघडातला अवघड पासवर्डही एका फटक्यात उघडा पडला असता. हॅशमध्ये हे होत नाही. तिथे निदान ज्याने पासवर्ड नीट निवडलाय तो वाचतो.

लॉगिनसाठी साइटला तुमचा पासवर्ड माहीत असण्याची गरजच नाही. तुम्ही टाइप केलेल्याचा ठसा आणि साठवलेला ठसा जुळला, बस. पासवर्ड मॅनेजरचं उलट. त्याला तुमचे पासवर्ड तुम्हाला परत द्यायचे असतात, म्हणून तिथे एन्क्रिप्शनच हवं. पण हा झाला तुमच्या बाजूचा साठा, साइटच्या बाजूचा नव्हे.

हा घोळ सुरू कुठून झाला, तर थोडा दोष नावांचा आहे. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पासवर्डचा हॅश काढणाऱ्या फंक्शनचं नावच 'क्रिप्ट'. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात त्याची रचना सांगितली आहे: पासवर्ड हीच किल्ली धरायची आणि तिने नुसत्या शून्यांचा ठोकळा डेसने २५ वेळा एन्क्रिप्ट करायचा, वर १२ बिटांचं सॉल्ट. म्हणजे एन्क्रिप्शनच्या अवजारांनी एकेरी रस्ता बांधला. बीक्रिप्टच्या पोटातही ब्लोफिश हे एन्क्रिप्शनच आहे. त्या पिढीला आत काय चाललंय ते ठाऊक होतं. आपल्यापर्यंत फक्त नाव आलं.

पासवर्डइतकाच मला खुपणारा दावा म्हणजे "आम्ही तुमचा मोबाइल नंबर हॅश करतो, त्यामुळे तुमची ओळख कोणालाच कळत नाही." हिशेब करू. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. झाले जास्तीत जास्त ४०० कोटी. वरचं कार्ड या सगळ्यांचे एसएचए-२५६ पापणी लवते न लवते तोच काढून मोकळं होतं. बरं, बीक्रिप्ट लावा, कॉस्ट १२, सॉल्टसकट. तरी एक नंबर शोधायला एका कार्डाला साधारण महिना पुरतो, दहा कार्डांना तीन-साडेतीन दिवस. पॅन, जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळ्यांची हीच गत. जी गोष्ट मोजून संपते ती हॅशने लपत नाही.

बाकीचे गैरसमज भराभर. बेस६४ दोन्हींपैकी काहीच नाही, ती फक्त लिपी बदलणं आहे, कोणीही परत वाचू शकतं. एमडी५ "तुटला" याचा अर्थ तो उलटा फिरतो असा नाही. २००४ मध्ये शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेले दोन वेगळे मजकूर करून दाखवले. एसएचए-१ चं तसं २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने दोन पीडीएफ घेऊन केलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात अजून एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ असे तिन्ही पर्याय आहेत. माझं म्हणणं, खूण एसएचए-२५६ वरच करा. तो हॅश एवढंच सांगतो की फाइल तेव्हा होती तशीच आज आहे. फाइल गुप्त आहे असंही नाही, खरी आहे असंही नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचंही तेच: मजकुराचा हॅश काढून त्यावर खाजगी किल्लीने सही होते, मजकूर मात्र सगळ्यांना वाचता येतो आणि यावाच.

गेल्या वर्षी एका ऑनलाइन दुकानात मी "पासवर्ड विसरलो" दाबलं. नवीन पासवर्ड ठेवायची लिंक येईल अशी अपेक्षा होती. ई-मेल आला, त्यात माझा जुना पासवर्ड अक्षर अन् अक्षर लिहिलेला. ठसा साठवला असता तर त्यांना तो कळलाच नसता. मी लगेच तक्रार लिहिली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "काळजी करू नका, आमच्याकडे सर्व पासवर्ड एन्क्रिप्टेड आहेत." त्यांना परत लिहिलं की माझी तक्रार हीच आहे, आणि वरचं बरंचसं त्यातच पहिल्यांदा लिहून काढलं. उत्तर आलं नाही. साठवलेला पत्ता आणि कार्ड काढून टाकलं आणि खातं बंद केलं.