सात पूर्वज आणि दीड पिढी

चेचेन घरात पुरुष पाहुणा आला की दारातच त्याला म्हणतात, ‘मार्शा वोघीयला’. म्हणजे ‘मोकळा ये’, कुणाच्या धाकाखाली न येता. बाई आली तर ‘मार्शा योघीयला’ आणि चारचौघे मिळून आले तर ‘मार्शा दोघीयला’. आपण ‘येतो’, ‘येते’ असं लिंग क्रियापदाच्या शेपटीला लावतो. चेचेन भाषा ते तोंडाशी लावते. शिवाय आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत, नामांचे चांगले सहा वर्ग आहेत.

परदेशात वाढलेल्या मुलांची जीभ अडखळते ती अशाच ठिकाणी. घरात कानावर पडलेली, पण शाळेत कधीच न शिकलेली अशी भाषा, तिला भाषाशास्त्रात वारसाभाषा म्हणतात. अमेरिकेत वाढलेल्या रशियन घरांतल्या काहीजणांच्या बोलण्यात रशियनची तीन लिंगं आटून दोनच उरल्याचं मारिया पोलिन्स्की या संशोधिकेला आढळलं होतं. परदेशातल्या नातवंडांच्या तोंडून ‘माझा पुस्तक’ ऐकलेल्या आजीआजोबांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चेचेन स्वतःला ‘नोख्ची’ म्हणवतात. उत्तर कॉकेशसच्या डोंगरउतारावरचा त्यांचा मुलूख, चेचन्या, रशियात मोडतो. 1994 ते 1996 आणि पुन्हा 1999 पासून अशी दोन युद्धं तिथे झाली आणि माणसं बाहेर पडली. बेलारूसमधल्या ब्रेस्टहून रेल्वेने सीमेपलीकडच्या तेरेस्पोलला, म्हणजे पोलंडमध्ये, ही अनेक कुटुंबांची वाट. तिथून पुढे ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नॉर्वे. एकट्या ऑस्ट्रियात आज अंदाजे 30,000 चेचेन राहतात. युरोपच्या डब्लिन नियमांप्रमाणे ज्या देशात आधी पाऊल टाकलं, बहुधा तिथेच आश्रय मागावा लागतो. त्यामुळे काही कुटुंबं व्हिएन्नापर्यंत पोचून पुन्हा पोलंडला पाठवली गेली. मुलांच्या वाट्याला आधी पोलिश बाराखडी, मग जर्मन, आणि घरी चेचेनमध्ये मिसळलेली रशियन.

लहानपणीच स्थलांतर करून आलेल्या अशा मुलांना समाजशास्त्रज्ञ रुबेन रुम्बाउत यांनी ‘दीड पिढी’ असं नाव दिलं. ही मुलं धड पहिल्या पिढीत बसत नाहीत, धड दुसऱ्या.

आता या दीड पिढीतली एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. वय अकरा. परकीय नागरिकांच्या कार्यालयात ती वडिलांच्या आणि कारकुनाच्या मधल्या खुर्चीत बसली आहे. कारकून जर्मनमध्ये विचारतो, ती चेचेनमध्ये सांगते. वडील उत्तर देतात, ती ते जर्मनमध्ये फिरवते. वरवर पाहिलं तर पोरीची केवढी हुशारी. पण चेचेन रीतीत वडीलधारं माणूस आत आलं की धाकट्याने उठून उभं राहायचं असतं आणि मोठ्यांच्या बोलण्यात आपण होऊन तोंड घालायचं नसतं. एरवी बापाने आपल्या बापासमोर स्वतःच्या लेकराला मांडीवर घेणंसुद्धा जुन्या चालीत बसत नाही. त्या घरातली मुलगी इथे बापाचा अर्ज का फेटाळला गेला ते बापालाच समजावून सांगते आहे. मुलं भाषा पटापट उचलतात, आईबाप मागे राहतात आणि घरातल्या अधिकाराची उतरंड उलटी होते. आलेहांद्रो पोर्तेस आणि रुम्बाउत यांनी याला विसंवादी संस्कृतिग्रहण म्हटलं आहे. नाव जड आहे, पण त्या खुर्चीत बसलेल्या मुलीला ते एका सकाळीत कळलेलं असतं.

मग अशी मुलं चेचेन राहतात की ऑस्ट्रियन होतात? प्रश्नच चुकीचा आहे, असं मला वाटतं. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी 13 देशांतल्या 5,000 हून अधिक स्थलांतरित किशोरवयीनांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. दोन्हीकडे पाय घट्ट रोवलेली मुलं त्यात संख्येनेही सर्वांत जास्त होती आणि एकूण जुळवून घेण्यातही पुढे होती. सर्वांत जास्त चाचपडत होती ती कुठलाच पाय न टेकलेली.

अर्थात पाय टेकू देणं समोरच्याच्याही हातात असतं. 2013 मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, संशयितांचे वडील चेचेन निघाले आणि लोकांनी चेचन्या व चेक प्रजासत्ताक यांची इतकी गल्लत केली की चेक राजदूताला खुलासा करावा लागला. ज्यांना आपला देश नकाशावर सापडत नाही तेच आपल्या नावाला भितात, हे वर्गात बसलेल्या पोराला अनुभवावं लागतं. अशा वेळी मुलं दोनपैकी एक करतात: ओळख लपवतात, नाहीतर आईबापांपेक्षाही कडवी करून मिरवतात. दुसऱ्याला अभ्यासक प्रतिक्रियात्मक ओळख म्हणतात. गळ्यातला लांडगा (चेचेनांचं मानचिन्ह) चेचन्याची राजधानी ग्रोझनीपेक्षा परक्या शहरात जास्त मोठा होतो तो यामुळे.

याउलट उदाहरण जॉर्डनचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेलेले चेचेन झर्का आणि आसपास एकगठ्ठा वसले, लग्नं आपसातच केली. संसदेत त्यांच्यासाठी आणि सर्कासियनांसाठी (कॉकेशसमधलेच दुसरे लोक) राखीव जागा आहेत. शंभर वर्षांनंतरही तिथल्या घरांत चेचेन बोलली जाते. युरोपात आश्रितांना जागा मिळेल त्या गावी विखरून पाठवतात. शेजारीच चेचेन नसेल तर ‘वोघीयला’ म्हणायचं कुणाला?

तरीही परक्या मातीत चेचेन होणं या लोकांना नवं नाही. 23 फेब्रुवारी 1944 पासून स्टालिनच्या हुकमाने जवळपास पाच लाख चेचेन आणि त्यांचे शेजारी इंगुश गुरांच्या डब्यांत कोंबून मध्य आशियात हाकलले गेले. मोहिमेचं नाव ‘चेचेवित्सा’, म्हणजे मसूर. परत यायला 1957 उजाडलं. पुढे स्वतंत्र चेचन्याचा झेंडा उभारणारे झोखार दुदायेव तेव्हा काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे होते, ते कझाकस्तानात वाढले. पुढे अध्यक्ष झालेले अस्लान मस्खादोव तर 1951 मध्ये तिथेच जन्मले. देशासाठी लढलेल्या या पिढीला देश आधी कळला तो मोठ्यांच्या तोंडून.

चेचेन मुलाला आपल्या सात पूर्वजांची नावं पाठ हवीत, असा दंडक आहे. व्हिएन्नातलं पोर ती घडाघडा म्हणतं, आणि मोबाइलवर चुलतभावाला चेचेनमध्ये निरोप धाडताना कळफलकावर नसलेल्या एका कंठ्य अक्षराच्या जागी सरळ 1 हा आकडा टाकून मोकळं होतं.