सैनिकाचा कामाचा चाकू

सैन्यातल्या नोकरीत किंवा सक्तीच्या लष्करी सेवेत माणूस रोजच्या कापाकापीसाठी खिशात नाहीतर पट्ट्याला लावून जो छोटा चाकू बाळगतो, त्याला कामाचा चाकू म्हणायचं. रायफलला लावायची संगीन वेगळी, झाडी तोडायचा कोयता वेगळा आणि कमांडो लोकांचा खंजीर तर फारच वेगळा. नवीन भरती झालेला पोरगा मात्र चाकू घ्यायला निघाला की त्याच्या डोळ्यासमोर खंजीरच असतो, आणि मग तो हातभर लांब, पाठीवर करवतीचे दाते असलेलं काहीतरी घेऊन येतो, दोन मार्चमध्ये ते मांडीवर आपटून आपटून नकोसं होतं आणि शेवटी बॅगेच्या तळाशी जाऊन पडतं. नाकापेक्षा मोती जड.

कामं काय असतात ते आधी बघा. रेशनची पाकिटं फाडायची, खोक्यांवरचे प्लास्टिकचे पट्टे आणि केबल टाय कापायचे, दोरी मापाची तोडायची, टेप कापायचा, जाळीची गुंतलेली टोकं सोडवायची, काडी तासून खुंटी करायची, फळ चिरायचं, गणवेशाचा लोंबणारा धागा उडवायचा. शंभरातली नव्वद कामं हीच. उरलेल्यात एखादं असं येतं की सेकंद मोजावे लागतात, गाडी उलटलीय आणि सीटबेल्ट सुटत नाहीये किंवा कुणाच्या अंगावरचा पट्टा कशाततरी अडकून ओढला जातोय. चाकू निवडताना या दोन टोकांचा विचार करायचा, मधल्या सिनेमातल्या गोष्टींचा नाही.

इतिहास

सैनिकाला कामासाठी चाकू द्यायचा ही कल्पना ज्या चाकूमुळे सगळ्यात जास्त माहीत झाली तो स्वित्झर्लंडचा. तिथल्या सैन्याने १८८९ ची नवी श्मिट-रुबिन रायफल घेतली, ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, आणि डब्यातलं अन्न उघडायला ओपनर लागायचा, म्हणून एक पातं, एक टोच्या, एक ओपनर आणि एक स्क्रूड्रायव्हर असा लाकडी मुठीचा घडीचा चाकू ठरला, त्याला मॉडेल १८९० म्हणतात. पहिली खेप १८९१ मध्ये जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली, मग कार्ल एल्सेनर या स्विस कारागिराने ते काम आपल्याकडे घेतलं, त्यांचीच कंपनी आज व्हिक्टोरिनॉक्स म्हणून ओळखली जाते. १८९७ मध्ये त्यांनी हलका ऑफिसर चाकू नोंदवला, त्यात बूचकाढणं होतं, पण तो सैन्याने कधी वाटला नाही, अधिकारी आपल्या पैशाने घ्यायचे. २००९ पासून स्विस सैनिकाला एका हाताने उघडणारा, लॉक असलेला, मिटल्यावर १११ मिलिमीटरचा मोठा चाकू मिळतो.

दुसऱ्या महायुद्धातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. ब्रिटिश कमांडोंचा फेअरबेर्न-साइक्स खंजीर १९४१ मध्ये आला, बारीक, दुधारी, फक्त भोसकण्यासाठी केलेला, आणि लोकांनी त्याने डबे आणि पेट्या उघडायला घेतल्यावर टोकं तुटायला लागली. अमेरिकन मरीनांनी १९४२ च्या शेवटी घेतलेला का-बार नावाचा चाकू मात्र ७ इंची जाड पात्याचा, चामड्याच्या चकत्यांच्या मुठीचा, त्याने खड्डे खणले, डबे उघडले, तंबूच्या खुंट्या ठोकल्या आणि तो टिकला. आज ७ इंच पातं बहुतेकांना लागत नाही, पण कामासाठी केलेली वस्तू आणि लढाईसाठी केलेली वस्तू यात काय फरक पडतो ते या दोघांत स्पष्ट दिसतं.

घडीचा की सरळ पात्याचा

खरा वाद इथेच असतो. घडीचा चाकू खिशात मावतो, कुणाच्या डोळ्यात येत नाही, बसता-उठता टोचत नाही. पण त्याची सगळी ताकद एका खिळ्यावर आणि एका लॉकवर उभी असते. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे येऊन बसते आणि पातं मिटू देत नाही. आता वाळूत किंवा चिखलात काम करताना एक खडा त्या पट्टीच्या आणि पात्याच्या मध्ये अडकला की पट्टी अर्धीच सरकते, वरून बघताना चाकू पूर्ण उघडलेला आणि पक्का दिसतो, तुम्ही जोर देता आणि पातं सरळ बोटांवर मिटतं. म्हणून घडीचा चाकू घेतला असेल तर उघडल्यावर पट्टी पूर्ण आत बसली का हे दरवेळी डोळ्याने बघायची सवय लावावी, आणि बिजागरी आरपार दिसेल असा, म्हणजे मुठीच्या पाठीकडून मोकळा असलेला चाकू बघावा, तो पाण्याखाली धरला की घाण निघून जाते. बंद पाठीच्या मुठीत खिशातला कापूस आणि माती मिळून जो लगदा होतो तो काडीने कोरून काढावा लागतो.

सरळ पात्याच्या चाकूत बिघडायला काहीच नाही. म्यानातून काढला की तयार, हात थंडीने बधिर झालेले असोत की हातमोजे घातलेले असोत. धुवायला सोपा. अट एकच की पात्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं, निदान मुठीच्या अर्ध्याच्या पुढे तरी. पोकळ मुठीत काड्यापेटी आणि मासे पकडायचा गळ भरलेले जे चाकू मिळतात त्यातल्या बहुतेकांचं पातं मुठीला एका नटाने नाहीतर छोट्याशा तुकड्याने धरलेलं असतं, जोर पडला की तिथेच निखळतं, ते घेऊच नयेत.

पात्याची लांबी ९ ते ११ सेंटिमीटर भरपूर झाली, जाडी अडीच-तीन मिलिमीटर. स्वीडनच्या मोरा गावचे साधे प्लास्टिक मुठीचे चाकू याच मापाचे असतात, वजन म्यानासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत, आणि ते हरवले तर कुणी रडत बसत नाही, हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. सैन्यात वस्तू हरवतात, कुणीतरी मागून घेतं आणि परत येत नाही, ट्रकच्या फळ्यांच्या फटीतून खाली पडते. महागडा चाकू असला की माणूस तो वापरायलाच कचरतो. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही. फिनलंडमध्ये पुक्को नावाचा असाच छोटा सरळ चाकू पिढ्यानपिढ्या पट्ट्याला असतो, त्याची सैन्यासाठी केलेली एम ९५ ही मोठी आवृत्ती १५ सेंटिमीटर पात्याची आहे, पण जंगलात लाकूड फोडायचं नसेल तर तेवढ्याची गरज पडत नाही.

पातं, पोलाद, धार

पोलादावर लोक रात्र-रात्र भांडतात. कठीण पोलादाची धार जास्त दिवस टिकते पण गेली की परत लावायला हिऱ्याची पट्टी लागते, मऊ पोलादाची धार लवकर जाते पण कुठल्याही दगडावर पाच मिनिटात परत येते. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर साधारण ५५-५६ असतं, त्याला लोक नावं ठेवतात, पण तळावर कुणाकडे हिऱ्याची पट्टी असते? ५६ ते ५८ च्या आसपास राहावं. गंजाचं म्हणाल तर पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात, आणि घाम, पाऊस, समुद्र यातलं काहीही रोजचं असेल तर तेच घ्यावं. १०९५ या क्रमांकाच्या पोलादासारखं साधं कार्बन पोलाद चिवट आणि धारेला गोड असतं, पण एक रात्र ओल्या चामडी म्यानात राहिलं की सकाळी तांबूस डाग दिसतातच.

गुळगुळीत धार की दातेरी, यावर माझा कौल गुळगुळीत धारेला. एकच गोष्ट दातेरी पातं जास्त चांगली करतं, ती म्हणजे ओला जाड पट्टा आणि ओली दोरी कापणं, तिथे गुळगुळीत आणि जरा बोथट पातं नुसतं घसरतं. पण पातं खरंच धारदार असेल तर तेही कापतं, फक्त पद्धत हवी. पॅराशूटची नायलॉनची बारीक दोरी (पॅराकॉर्ड) घ्या, तिच्या आत सात धागे आणि बाहेर विणलेलं आवरण असतं, ती ताणून वरून चाकू घासला तर आवरण चिघळतं आणि आतले धागे सटकतात. तीच दोरी दुमडून फास करायचा, पातं फासाच्या आत घालायचं आणि अंगापासून लांब, बुडापासून टोकापर्यंत पूर्ण पातं वापरत एकदा ओढायचं. टक्कन तुटते, टोकं सरळ. मग लायटरने टोकं जरा वितळवून घ्यायची म्हणजे उसवत नाहीत. दातेरी पात्याची अडचण ही की त्याला धार लावायला निमुळती गोल कांडी लागते, ती कुणाकडे नसते, म्हणून ते एकदा गेलं की गेलंच. पट्टे कापण्याचंच काम असेल, गाडीवर किंवा पॅराशूटवर असाल, तर आकड्यासारखा पट्टा कापणारा वेगळा कटर मिळतो, त्याला टोक नसतं त्यामुळे घाईत जखमी माणसाच्या अंगात घुसत नाही. तो घ्या.

धार लावायला कोन २० अंशांच्या आसपास धरायचा. मोजायला काही नसेल तर पातं दगडावर उभं धरा, ते झालं ९०, त्याच्या अर्ध्यावर वाकवा, परत अर्ध्यावर, तिथे थांबा. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जे खरखरीत कडं असतं त्यावर पातं परजता येतं, आणि शेवटी चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा-वीस वेळा उलटं ओढलं की धार गुळगुळीत होते. रोज दोन मिनिटं दिली तर महिन्याने तास घालवावा लागत नाही.

चाकू पहार म्हणून वापरू नये, हे सगळे सांगतात आणि सगळे विसरतात. पेटीचं झाकण उचकटताना टोक जातं. त्यासाठी पकड आणि स्क्रूड्रायव्हर असलेलं मल्टिटूल आहे, टिम लेदरमन यांचं पहिलं १९८३ मध्ये बाजारात आलं आणि गाड्या, वायरलेस, शस्त्रं सांभाळणाऱ्यांचा त्याशिवाय दिवस जात नाही. एकच वस्तू ठेवायची मुभा असेल आणि काम यंत्रांशी असेल तर मल्टिटूलच घ्यावं, त्यातलं छोटं पातं पुरतं. पायदळात असाल तर छोटा सरळ चाकू आणि सामानात मल्टिटूल, ही जोडी मला सगळ्यात बरी वाटते.

म्यान आणि जागा

म्यान बघायचं कुणी मनावर घेत नाही. रिकाम्या म्यानाला नव्हे, चाकू घातलेल्या म्यानाला उलटं धरून जोरात हलवा, उड्या मारून बघा, निसटला तर तो चाकू रात्रीच्या गस्तीत हरवणारच. प्लास्टिकचं म्यान भिजत नाही पण त्यात पातं खडखडतं, आत कापडी टेपचा एक तुकडा चिकटवला की आवाज थांबतो. चामड्याचं शांत असतं पण पाणी धरून ठेवतं. जागा निवडताना पूर्ण सामान अंगावर चढवून, पाठीवरची बॅग लावून, जमिनीवर पालथं झोपून बघायचं, कमरेवर नेहमी लावतात तिथे बॅगेचा पट्टा येतो आणि चाकू त्याच्याखाली दबतो. दोन्हीपैकी कुठल्याही हाताने निघायला हवा, कारण अडकलेला हात कुठला असेल ते आधी कळत नाही. मुठीला छोटी दोरी बांधून ती खिशाला अडकवली की पाण्यात किंवा अंधारात पडला तरी सापडतो.

नियम

चाकू घ्यायच्या आधी युनिटमध्ये विचारावं. प्रशिक्षणाच्या काळात कित्येक ठिकाणी स्वतःचा चाकू चालतच नाही, काही ठिकाणी घडीचा चालतो पण पट्ट्याला दिसणारा चालत नाही, आणि सैन्याने दिलेला असेल तर पदरी पडलं पवित्र झालं म्हणून आधी तोच वापरून बघावा, काय कमी पडतं ते महिनाभरात कळतं. तळाच्या फाटकाबाहेर मात्र नागरी कायदा लागतो आणि तो देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये सबळ कारण नसताना फक्त ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू बाळगता येतो. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणारा घडीचा आणि १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा सरळ चाकू योग्य कारणाशिवाय जवळ ठेवायला बंदी आहे, म्हणजे स्विस सैनिकाचा आत्ताचा चाकू तिथे खिशात घालून फिरता येत नाही. रजेवर निघताना खिसे तपासून चाकू मोठ्या बॅगेत टाकावा, विमानात ती सामानात जमा करायची, कारण हातातल्या बॅगेत सापडला की तपासणीवरच सोडून द्यावा लागतो आणि तो परत मिळत नाही.