ईएफएल ट्रॉफीतल्या अंडर-२१ टीम्स आणि फॅन्सचा विरोध

ईएफएल (इंग्लिश फुटबॉल लीग) ट्रॉफी ही इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या लीग वन आणि लीग टू, म्हणजे वरून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवरच्या ४८ क्लबांची कप स्पर्धा. २०१६-१७ च्या सीझनपासून यात १६ मोठ्या क्लबांच्या अंडर-२१ टीम्सना पण घेतलं जातं, आणि तेव्हापासून खालच्या लीगच्या फॅन्सचा जो राग सुरू झाला तो आजपर्यंत पूर्ण शमलेला नाही. हा विरोध 'बी टीम बॉयकॉट' या नावाने ओळखला जातो, बी टीम म्हणजे क्लबची दुसरी, राखीव टीम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चार तरुण पोरं खेळली तर काय बिघडलं, पण फॅन्सचं भांडण पोरांशी कधीच नव्हतं, भांडण आहे ते जागेचं. लीगमधली जागा क्लबने वर्षानुवर्षं खेळून, हरून, खाली पडून, परत वर येऊन कमावलेली असते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या राखीव टीमला आयती का द्यायची हा त्यांचा प्रश्न आहे.

स्पर्धा आधी काय होती

१९८३-८४ मध्ये असोसिएट मेंबर्स कप या नावाने ही सुरू झाली, मग स्पॉन्सर बदलत गेले तशी नावं बदलली: फ्रेट रोव्हर, शेर्पा व्हॅन, ऑटो विंडस्क्रीन्स, जॉन्स्टन्स पेंट, चेकाट्रेड, पापा जॉन्स, ब्रिस्टल स्ट्रीट मोटर्स, व्हर्टू. लोक आपापल्या वयाप्रमाणे वेगवेगळ्या नावाने हिला ओळखतात. सुरुवातीच्या राउंडला कधीच फार गर्दी नसायची हे खरं आहे, पण शेवटी फायनलला लंडनचं वेम्बली स्टेडियम होतं आणि छोट्या क्लबसाठी वेम्बलीला जायचा हा जवळपास एकमेव रस्ता होता. मोठे क्लबही खेळतात त्या एफए कप किंवा लीग कपच्या फायनलला लीग टू मधला क्लब पोचणं म्हणजे स्वप्नच, वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीची प्ले-ऑफ फायनल सोडली तर उरते ही ट्रॉफी. १९८८ च्या फायनलला वुल्व्ज आणि बर्नली समोरासमोर होते, दोघंही तेव्हा चौथ्या डिव्हिजनमध्ये, बर्नली तर त्याच्या आदल्या वर्षी शेवटच्या मॅचला जिंकून लीगबाहेर जाण्यापासून कसंबसं वाचलेलं, आणि वेम्बलीला ८०,८४१ लोक आले होते. चौथ्या डिव्हिजनच्या दोन टीम्स बघायला ऐंशी हजार! ही आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना 'अरे ती फालतू स्पर्धा' असं कुणी म्हटलेलं चालत नाही. वाईट याचं वाटतं की २०१६ मध्ये ज्या क्लबांनी आपल्या अंडर-२१ टीम्स पाठवल्या त्यात वुल्व्ज पण होते.

संशय कुठून आला

हे एका दिवसात झालेलं नाही. २०११ मध्ये प्रीमियर लीगने इपीपीपी नावाची अकॅडमीची योजना आणली, तीत एखादा कोवळा खेळाडू मोठ्या क्लबने नेला तर छोट्या क्लबला किती भरपाई द्यायची याचे दर ठरवून टाकले. फुटबॉल लीगच्या (आताच्या ईएफएलच्या) क्लबांनी ती ४६ विरुद्ध २२ मतांनी मान्य केली, कारण नाही म्हटलं तर अकॅडमीसाठी येणारा पैसा अडेल अशी भीती होती. आपण दहा वर्षं सांभाळलेलं पोरगं ठरलेल्या दरात उचलून नेणार ही भावना तेव्हाच पक्की झाली. ब्रेंटफर्डने तर २०१६ मध्ये अकॅडमीच बंद केली.

मग मे २०१४ मध्ये एफए या इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे चेअरमन ग्रेग डाइक यांच्या कमिशनने अहवाल दिला. मुद्दा असा की प्रीमियर लीगमध्ये इंग्लिश खेळाडूंचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलंय, १८ ते २१ वयाच्या पोरांना खऱ्या मॅच मिळत नाहीत, म्हणून लीग टू आणि कॉन्फरन्सच्या (तेव्हाची पाचवी पायरी) मधे एक नवी 'लीग थ्री' काढा आणि तीत मोठ्या क्लबांच्या बी टीम्स घाला. फॅन्स भडकले. 'अगेन्स्ट लीग थ्री' नावाची मोहीम उभी राहिली, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या क्लबांचे फॅन्स एकत्र आले आणि ती कल्पना बारगळली. पण दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, ट्रॉफीत अंडर-२१ टीम्स घ्यायचा 'एक वर्षाचा प्रयोग' जाहीर झाला, त्याच सुमारास लीगची रचना बदलून वीस-वीस टीम्सच्या डिव्हिजन करायचा प्रस्ताव पण फिरत होता, आणि लोकांनी दोन्ही जोडून बघितलं. ईएफएलने सांगितलं की बी टीम्सना लीगमध्ये आणायचा विचार नाही, पण फॅन्सचं म्हणणं साधं होतं: आज ओसरी दिली की उद्या हातपाय पसरणार.

२०१६-१७, पहिला सीझन

नवीन पद्धतीत १६ ग्रुप झाले, प्रत्येकात चार टीम्स. मॅच बरोबरीत सुटली तर दोघांना एकेक पॉइंट आणि वर पेनल्टी शूटआउट, तो जिंकेल त्याला एक जास्तीचा. अंडर-२१ टीमच्या पहिल्या अकरात किमान सहा जण २१ च्या आतले हवेत असा नियम. बोलावणं होतं टॉप अकॅडमी असलेल्या क्लबांना, पण आर्सेनल, लिव्हरपूल, टॉटेनहॅम आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब आलेच नाहीत, म्हणून जागा भरायला चॅम्पियनशिपमधले, म्हणजे दुसऱ्या पायरीवरचे, नॉर्विच, रेडिंग, डर्बी वगैरे घेतले गेले. ज्यांच्या नावावर ही योजना खपवली ते पहिल्या वर्षी नव्हतेच, आणि त्यामुळे उरलासुरला विश्वासही गेला.

फॅन्सनी बॉयकॉट केला. फ्लीटवुडच्या मैदानावर ब्लॅकबर्नच्या अंडर-२१ विरुद्धच्या मॅचला फक्त ३९२ लोक होते. एवढ्या कमी लोकांत मॅच कशी असते ते विचार करून बघा, कोचचा प्रत्येक शब्द वरच्या रांगेपर्यंत ऐकू येतो, बॉल स्टँडमध्ये गेला तर रिकाम्या खुर्च्यांवर टप्पे खात जातो आणि तो परत द्यायला माणूस नसतो.

त्याहून जास्त चीड आणली ती टीम निवडीच्या नियमाने. लीगच्या क्लबांनी पहिल्या अकरात पाच तरी असे खेळाडू घ्यायचे जे आधीच्या किंवा पुढच्या मॅचला सुरुवातीपासून खेळलेले असतील, नाहीतर दंड. ल्यूटनने आपली स्वतःची तरुण पोरं खेळवली, ती जिंकली सुद्धा, आणि क्लबला १५,००० पौंड दंड झाला. पोर्ट्समथलाही तेवढाच. एकूण १२ क्लबांना मिळून ६०,००० पौंड. स्पर्धा तरुणांना संधी द्यायची म्हणून बदलली आणि लीग टू च्या क्लबने आपली तरुण पोरं उतरवली तर त्याला शिक्षा! या एका गोष्टीने जे फॅन्स कुंपणावर बसले होते ते पण विरोधात गेले असं मला वाटतं.

ब्रॅडफर्ड सिटीचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बरीविरुद्ध मॅनेजर स्टुअर्ट मॅकॉल यांना दुसऱ्या गोलकीपरला खेळवायचं होतं पण पाचाचा आकडा भरत नव्हता, म्हणून मेन गोलकीपर कॉलिन डॉइलला सुरुवातीला उतरवलं आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर काढलं. नियम पाळला गेला, दंड वाचला. पुढे हा नियम थोडा सैल झाला.

आणि याच सीझनच्या फायनलला, एप्रिल २०१७ मध्ये, कोव्हेंट्री आणि ऑक्सफर्ड बघायला ७४,४३४ लोक वेम्बलीला होते. कोव्हेंट्री तेव्हा लीग टू मध्ये घसरत होतं, मालकांवर फॅन्स वैतागलेले, आणि तरी शहरच्या शहर लोटलं.

फॅन्स नेमकं काय म्हणतात

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे बी टीमला फॅन्स नसतात. आपल्या क्लबविरुद्ध हरलेला समोरचा क्लब रडतो, चिडतो, पुढच्या वर्षी बदला घ्यायला येतो, ही फुटबॉलची मजा आहे. अंडर-२१ टीम हरली तर कुणालाच काही वाटत नाही, त्या पोरांचं लक्ष मेन टीमकडे आणि त्यांच्या क्लबच्या फॅन्सचं लक्ष शनिवारच्या मॅचकडे. मंगळवारी रात्री थंडीत तिकीट काढून जायचं आणि समोरच्या स्टँडमध्ये एकही माणूस नाही, गाणी म्हणायची तरी कुणासाठी. जिंकलं तर 'पोरांना हरवलं', हरलं तर 'पोरांनी हरवलं', दोन्हीकडून लाजच.

दुसरं म्हणजे पिरॅमिड. इंग्लंडमध्ये गावच्या क्लबने खेळत खेळत वर जाता येतं ही गोष्ट तिथले लोक धर्मासारखी मानतात. ॲक्रिंग्टन स्टॅनलीची लीगमधली जागा १९६२ मध्ये गेली, क्लब बुडाला, पुन्हा उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये परत आला. एएफसी विम्बल्डन फॅन्सनी २००२ मध्ये शून्यापासून काढला आणि नऊ वर्षांत लीगमध्ये आणला. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना तुम्ही सांगणार की चेल्सीची दुसरी टीम तुमच्याच पंगतीला बसणार, तर ते चिडणारच, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे फॅन्समध्येच दोन गट पडतात. ग्रुपमधली एक मॅच जिंकली की १०,००० पौंड मिळतात, लीग टू च्या क्लबला तो आकडा लहान नाही, त्यामुळे क्लबच्या संचालकांनी बहुतेक वेळा अंडर-२१ टीम्सच्या बाजूने मत दिलं. काही फॅन्स म्हणतात की क्लब जगला तर पाहिजे, तिकीट स्वस्त असतं, लहान मुलांना घेऊन जाता येतं, आणि उद्याचा स्टार आज जवळून दिसतो. कोल पामर मँचेस्टर सिटीच्या अंडर-२१ कडून या ट्रॉफीत खेळलेला आहे, ज्यांनी त्याला तेव्हा बघितलं ते आज कौतुकाने सांगतात. यात तथ्य आहे. अकॅडमीच्या गुळगुळीत मैदानावर वाढलेल्या १९ वर्षांच्या मुलाला तिशीतला लीग टू चा सेंटर-बॅक एक खांदा मारतो तेव्हा त्याला जे कळतं ते कोचिंगमध्ये शिकवता येत नाही. पण यावर विरोधकांचं उत्तर असं की मग लोनवर, म्हणजे उसना पाठवा ना, इथे येऊन महिनोन् महिने राहू दे, आमच्या क्लबसाठी खेळू दे, आम्ही त्याच्या नावाने गाणी म्हणू.

लिंकनची रात्र

अंडर-२१ टीम्सपैकी उपांत्य फेरीपर्यंत पोचली ती चेल्सीची, २०१७-१८ मध्ये, आणि २०२५ च्या फायनलपर्यंत कुठलीच अंडर-२१ टीम याच्या पुढे गेलेली नाही. ६ फेब्रुवारी २०१८ ला ही टीम लिंकन सिटीच्या सिन्सिल बँक मैदानावर आली. आदल्याच वर्षी लिंकन नॉन-लीगमधून, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्या खालून, वर आलेलं, कोच डॅनी आणि निकी काउली हे दोघं भाऊ, एकेकाळचे शाळेतले पीटी मास्तर. क्लबच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात वेम्बली कधी बघितलेलं नव्हतं आणि मधे उभी होती एका अब्जाधीश क्लबची राखीव टीम. स्टेडियम जवळपास भरलं होतं. १-१, पेनल्टी, लिंकन ४-२ ने जिंकलं आणि लोक मैदानात धावत सुटले. एप्रिलमध्ये फायनलला श्रूसबरीला १-० ने हरवून कपही नेला. ज्यांनी ग्रुप मॅचेसना न जायची शपथ घेतली होती त्यातले किती त्या रात्री मैदानात होते ते मोजता येणार नाही, पण देशभरच्या बाकीच्या फॅन्सनी त्या रात्री लिंकनला आपलं मानलं होतं एवढं नक्की.

पुढच्या जानेवारीत उलट चित्र दिसलं. संडरलंड, जे २०१६ मध्ये स्वतः अंडर-२१ टीम पाठवणाऱ्यांत होतं, ते घसरून लीग वन मध्ये आलं आणि त्यांच्याकडे न्यूकासलच्या अंडर-२१ ची मॅच पडली. जुनं वैर, त्यामुळे १६ हजारांच्या वर लोक आले, संडरलंड ४-० ने जिंकलं. म्हणजे बी टीमला सुद्धा कधीतरी वैर चिकटतं, पण ते उसनं असतं. त्याच वर्षीच्या फायनलला पोर्ट्समथ आणि संडरलंड, ८५,०२१ लोक, स्पर्धेचा रेकॉर्ड.

दुसरीकडे काय आहे

स्पेनमध्ये बी टीम्स लीगमध्ये आहेत पण कपमध्ये नाहीत. कारण १९८० मध्ये रिअल माद्रिदची राखीव टीम कॅस्टिला तिथल्या कपच्या, कोपा देल रेच्या, फायनलला पोचली आणि समोर रिअल माद्रिदच, रिअल ६-१ ने जिंकलं. रिअलकडे लीगचं विजेतेपद असल्याने पुढच्या वर्षी कपची जागा घेऊन कॅस्टिला युरोपात कप विजेत्यांच्या कप विनर्स कपमध्ये खेळली. १९९० नंतर बी टीम्सना कोपात प्रवेश बंद झाला. जर्मनीतही हर्था बर्लिनची हौशी टीम १९९३ ची कप फायनल खेळली आणि लेव्हरकुसेनकडून १-० ने हरली, पण २००८ पासून तिथे दुसऱ्या टीम्सना कप बंद आहे. नेदरलँड्समध्ये योंग आयाक्सने २०१८ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकली आणि वर जाता येत नाही म्हणून तिथेच राहिली. स्कॉटलंडमध्ये रेंजर्स आणि सेल्टिकच्या बी टीम्स २०२१ पासून लोलँड लीगमध्ये घेतल्या, तिथेही छोट्या क्लबांच्या फॅन्सचा सूर इंग्लंडसारखाच.

आपल्याकडे आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये २०१७-१८ पासून आयएसएल क्लबांच्या राखीव टीम्स घेतल्या, त्यात एफसी गोवा आणि एफसी पुणे सिटीच्या पण होत्या, त्यांना वर चढायची परवानगी नव्हती. इथे इंग्लंडसारखा राग उठला नाही.

सध्याची स्थिती

एक वर्षाचा म्हणून सुरू झालेला प्रयोग मतदान होऊन होऊन कायमचा झालाय, आधी न आलेले मोठे क्लबही नंतर आले, आणि २०२४-२५ पासून नॅशनल लीग कप नावाने पाचव्या पायरीवरच्या क्लबांसाठी पण प्रीमियर लीगच्या अंडर-२१ टीम्स असलेली स्पर्धा सुरू झाली. एप्रिल २०२४ मध्ये एफए कपचे रिप्ले (बरोबरीत सुटलेली मॅच परत खेळणं) बंद केले तेव्हा जुन्या बॉयकॉटवाल्यांनी परत तेच सांगितलं की निर्णय वर होतात आणि किंमत खाली मोजली जाते. संघटित बॉयकॉट आता तसा दिसत नाही, पण ग्रुपच्या रात्री अजूनही बरेच सीझन तिकीटवाले घरीच बसतात, आणि २०२५ च्या फायनलला पीटरबरो आणि बर्मिंगहॅम बघायला ७० हजारांच्या वर लोक वेम्बलीला होते.