पाणी कोणाला किती चिकट?

नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण समुद्रात अफाट संख्येने असणाऱ्या कोपेपॉड या इवल्या जिवांचा भाऊबंद बघायला इथला फुटाळा तलावही पुरतो. काठाशी, पाणवनस्पतींजवळचं बाटलीभर पाणी घ्या, उजेडासमोर धरा आणि भिंग लावा. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे पांढरट ठिपके झटके देत सरकताना दिसले, तर तो सायक्लॉप्स, गोड्या पाण्यातला कोपेपॉड. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबतात. (नारूची अळी याच्याच पोटातून माणसात यायची, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायचं. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.)

पण झटके कशाला? आपण अंबाझरी तलावात पोहताना एक हात मारला की थोडं पुढे सरकत राहतो, ते जडत्व. जीव जितका लहान आणि संथ, तितकं जडत्व फिकं पडतं आणि पाण्याचा चिकटपणा वरचढ होतो. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. ऑसबोर्न रेनॉल्ड्सचा त्यावरचा गाजलेला प्रयोग १८८३ चा. पोहणाऱ्या माणसासाठी हा अंक लाखांत जातो, जिवाणूसाठी एकाच्या लाखाव्या भागाइतका उतरतो. जिवाणूला पाणी काकवीसारखंच.

अशा पाण्यात शिंपल्यासारखं नुसतं उघडझाप करून काहीच साधत नाही. उघडताना जेवढं पुढे, मिटताना तेवढंच मागे. हळू उघडा, झटकन मिटा, फरक शून्य. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ च्या व्याख्यानात हे फार मजेत मांडलं होतं.

कोपेपॉड नेमका सीमेवर राहतो. संथ फिरताना त्याचा अंक एकाच्या आसपास, उडी मारली की शेकड्यांत. म्हणजे एकाच प्राण्याला एकच पाणी क्षणात चिकट, क्षणात पातळ! डोक्यावरच्या लांब शृंगिकांवरच्या (मिशांसारख्या स्पर्शकांवरच्या) केसांना शत्रूची चाहूल लागली की काही मिलिसेकंदांत तो उसळतो. पायांच्या जोड्या मागून पुढे एकामागून एक फटका मारतात. परतताना मात्र सगळ्या एकत्र, मिटून. जाणं आणि येणं सारखं नाही, म्हणून उघडझापेचा पेच त्याला अडवत नाही. काही जातींचा वेग सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट भरतो, पण तोही निमिषभरच. फटके थांबले की पाणी लगेच लगाम घालतं.

तापमानाचाही यात हात आहे. शून्य अंशाजवळचं पाणी तीस अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त चिकट असतं. थंडीत उडी मंदावते ती स्नायू सुस्तावल्याने की पाणी चिकट झाल्याने? हे वेगळं काढायला संशोधक तापमान तेच ठेवून पाण्यात त्याचा चिकटपणा वाढवणारं मिथाइल सेल्युलोज मिसळतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॅरामेशियम या पळपुट्या एकपेशीय जीवाला सूक्ष्मदर्शकाखाली रोखायलाही हेच वापरतात.