कोपर दोघांचंही, मारामारी वेगळी: मुए थाई आणि पिंच्याक सिलॅट

आपल्याकडे पडद्यावर कुणी उडी मारून लाथ घातली की ती कराटे, आणि हातवारे जरा नजाकतीचे असले की कुंग फू. या दोन कप्प्यांत न बसणाऱ्या मारामाऱ्या थायलंड आणि इंडोनेशियातून यायला लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी एक तिसरा कप्पा तयार झाला: ‘ते ओंग-बाक, द रेड वगैरे’. या दोन चित्रपटांची नावं हमखास एका श्वासात घेतली जातात, आणि त्याला कारणंही आहेत. दोन्हीकडे तारा बांधून उडवाउडवी नाही. दोन्हीकडे कोपर-गुडघ्यांचा सुकाळ. दोन्ही नायक अंगाने बेताचे आणि मितभाषी. पण ‘ओंग-बाक’मध्ये टोनी जा लढतो ती मुए थाई, तीही तिच्या जुन्या रूपातली. ‘द रेड’मध्ये इको उवैस लढतो तो पिंच्याक सिलॅट. या दोन विद्यांचं एकमेकींशी फारसं पटणारं नाही.

फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघतो. फटका बसल्यानंतर मारणाऱ्याचा हात कुठे जातो? मुए थाईत तो परत आपल्या कपाळाशी येतो. सिलॅटमध्ये तो समोरच्याच्या अंगावरच राहतो: मनगट धरतो, मानेवर सरकतो, कोपर मुरगळतो. मुए थाईतला प्रत्येक फटका स्वतःत पुरा असतो. सिलॅटमधला फटका पुढच्या तीन गोष्टींची सोय करून ठेवतो.

आधी मुए थाई. तिला आठ अंगांची विद्या म्हणतात: दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या. नडगी महत्त्वाची, कारण इथे फिरवून मारायची लाथ पायाच्या पंजाने मारत नाहीत. कंबर पूर्ण फिरवून नडगीचं हाड समोरच्यावर आदळायचं असतं. लढवय्या उंच, ताठ उभा राहतो. पुढचा पाय हलका, केव्हाही उचलता येईल असा; दोन्ही हात भुवयांच्या रेषेत. आज बँकॉकच्या राजदमनर्न किंवा लुम्पिनी स्टेडियममध्ये जी कुस्ती चालते (कुस्ती हा शब्द सवयीने आला, तिथे हातमोजे असतात) ती परंपरेने तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची. आधी डोक्याला मोंगकोन नावाचा पारंपरिक शिरपट्टा बांधून गुरुवंदनेचा संथ नाच होतो आणि लढत चालू असताना सनईसारखं वाद्य, ढोल, झांजा वाजत राहतात. फेरी पुढे सरकेल तशी लयही चढते.

हातमोजे विसाव्या शतकात आले. त्याआधी हातांना दोरी गुंडाळून लढायचे. चैया, कोराट, लोपबुरी अशा प्रांतोप्रांतीच्या जुन्या पद्धती होत्या आणि त्या सगळ्यांना मिळून आता मुए बोरान म्हणतात. २००३ च्या ‘ओंग-बाक’ने पडद्यावर आणली ती ही. दिग्दर्शक प्राच्या पिंक्याव, मारामारीची आखणी पान्ना रित्तिक्राई यांची. गोष्ट अगदी साधी: ईसान भागातल्या एका खेड्यातल्या बुद्धमूर्तीचं शिर चोरीला जातं आणि गावचा पोरगा ते आणायला बँकॉकला जातो. सुरुवातीलाच तो एकटा, समोर कुणी नसताना, जुन्या डावांची उजळणी करतो. प्रेक्षक हा भाग पुढे ढकलतात, पण तो बघावा. पुढे जे काही दिसणार आहे त्याची ती मुळाक्षरं आहेत.

टोनी जा हा सुरिन प्रांतातला, हत्ती पाळणाऱ्या घरातला. मुए थाईसोबत त्याने जिम्नॅस्टिक्स, तायक्वांदो आणि वुशूही गिरवलं होतं, आणि हे लक्षात ठेवायला हवं. चित्रपटात तो दोन काचांमधून आरपार उडतो, काटेरी तारेच्या कड्यातून निघतो, पाय फाकवून गाडीखालून सरकतो. यातलं काहीही मुए थाई नाही. मुए थाई कुठे दिसते? बेकायदा लढतींच्या अड्ड्यावर तो पहिल्या गड्याला एकाच गुडघ्यात आडवा करतो, तिथे. ना दुसरा फटका, ना पकड. गुडघा लागला, विषय संपला, हात जागेवर. आणि समोरच्याच्या खांद्यावर चढून, वरून डोक्यात कोपर घालतो, तिथे. मारामारीची दिशा कायम वरून खाली असते. टोनी जाला उंची कमी पडली की तो समोरच्या माणसाचीच शिडी करतो.

कॅमेराही हेच मानतो. मोठा फटका किंवा उडी आली की पिंक्याव तीच गोष्ट दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवतात, कधी तिसऱ्यांदाही. पहिल्यांदा बघताना हे बालिश वाटतं. पण ज्या विद्येत प्रत्येक फटका स्वतंत्र आहे, तिथेच तो कापून पुन्हा दाखवता येतो. ‘द रेड’मधल्या मारामारीचं असं काही करायला गेलात तर नेमकं काय दाखवायचं हेच ठरणार नाही, कारण तिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू झाल्याची रेघच सापडत नाही.

आता सिलॅट. इंडोनेशियाच्या बेटाबेटांवर, गावागावांत याच्या शेकडो शाखा आहेत, त्यामुळे ‘सिलॅट असंच असतं’ असं कुणी छातीठोक सांगितलं की सावध व्हावं. देशव्यापी संघटना १९४८ मध्ये सुराकार्ता इथे स्थापन झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मलेशियाच्या सिलॅटलाही त्याच वर्षी तो मान मिळाला. बहुतेक शाखांत समान काय? गुडघे वाकलेले, एक उघडा तळवा पुढे, दुसरा छातीशी. हालचालीचा पाया म्हणजे पावलं, ज्यांना तिकडे ‘लांगका’ म्हणतात. समोरून येणाऱ्या हल्ल्याला सरळ भिडायचं नाही. तिरकं पाऊल टाकून त्याच्या कुशीत शिरायचं, हात अडकवायचा, पायाने पाय झाडायचा आणि माणूस खाली गेला की त्याच्यासोबत खाली जायचं. पश्चिम सुमात्रातली ‘हारिमाऊ’ म्हणजे वाघाची शैली तर जवळजवळ जमिनीलगतच चालते.

ढोलाच्या तालावर सिलॅटची प्रात्यक्षिकं बघताना हे नृत्य आहे की युद्ध, असा प्रश्न पडतो. सुंदर, वळणदार हातवारे हा या विद्येचा अविभाज्य भाग आहे. ‘द रेड’ने तो जवळपास सगळा छाटून टाकला. सिलॅटवर याच चित्रपटावरून मत बनवणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते, म्हणून त्याआधीचा, २००९ चा ‘मेरान्ताउ’ बघायला मी नेहमी सुचवतो. त्यात पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजाच्या खेड्यातला तरुण नशीब काढायला जकार्ताला येतो आणि सुरुवातीच्या सरावात ते जमिनीलगतचं, सावकाश वळणारं सिलॅट नीट दिसतं. चित्रपट म्हणून तो ढिला आहे, ते सोसावं लागतं.

‘मेरान्ताउ’ आणि ‘द रेड’ या दोन्हींचा दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स वेल्सचा. सिलॅटवरच्या माहितीपटासाठी तो इंडोनेशियात गेला आणि तिथे त्याला इको उवैस भेटला. इको तेव्हा एका टेलिफोन कंपनीत चालक होता आणि काकांच्या आखाड्यात बेतावी, म्हणजे जकार्ताच्या मूळ रहिवाशांच्या, शाखेचं सिलॅट शिकला होता. २०११ च्या ‘द रेड’मध्ये जकार्तातल्या गुंडांच्या ताब्यातल्या बहुमजली इमारतीत पोलिसांची तुकडी शिरते आणि आतच अडकते. लढायला जागा म्हणजे अरुंद बोळ आणि खोल्या. हे कथानकाच्या सोयीचं होतंच, पण सिलॅटलाही मानवणारं होतं. नडगी फिरवायला मोकळी जागा लागते. कुशीत शिरायला भिंत जवळ असली तर उलट बरंच. बोळातल्या मारामारीत इको एकाचा चाकूवाला हात अडकवतो, त्याच हाताने दुसऱ्याचा वार अडवतो, पहिल्याचा पाय काढतो आणि तो पडत असताना त्याला भिंतीवर किंवा फुटक्या दाराच्या कडेवर नेऊन आदळतो. पडणं हाच शेवटचा फटका. इव्हान्स, इको आणि यायान रुहियान यांनी या मारामाऱ्या आधी साध्या कॅमेऱ्यावर सरावातच पूर्ण चित्रित करून बघितल्या होत्या. अंतिम चित्रपटात इतक्या गर्दीतही कुणाचा हात कुठे आहे हे समजतं ते त्यामुळे.

यायान रुहियान म्हणजे ‘द रेड’मधला मॅड डॉग. बंदूक हातात असताना ती बाजूला ठेवून हातांनी मारणारा. गंमत अशी की ‘ओंग-बाक’च्या अड्ड्यावरही मॅड डॉग नावाचाच एक गडी आहे, खुर्च्या-टेबलं आणि हाताला लागेल ते भिरकावणारा. चर्चेत ‘मॅड डॉगची फाइट’ म्हटलं की कुठला, हे विचारून घ्या.

कोपराच्या बाबतीत मात्र सगळेच फसतात, कारण ते दोन्हीकडे ढीगभर आहे. मुए थाईचं कोपर हे हत्यार आहे: वरून, आडवं, किंवा गर्रकन फिरून मागून, आणि लक्ष्य बहुधा डोकं. सिलॅटचं कोपर पुष्कळदा पाचरीसारखं काम करतं. येणाऱ्या ठोशाला ते आधी भिडतं, वाट मोकळी करतं आणि त्याच झपाट्यात आत घुसतं. गळपकडीचंही तसंच. मुए थाईत मानेमागे दोन्ही हात गुंफून गुडघे घालतात, पण दोघे उभेच राहतात. समोरचा पडला तर पंच मध्ये येतो आणि पडलेल्याला मारता येत नाही. सिलॅटवाल्याने मान धरली तर ती बहुतेक खाली न्यायलाच धरलेली असते.

शस्त्रांचं पारडं एकतर्फी आहे. थायलंडमध्ये तलवार-काठीची विद्या क्राबी-क्राबोंग या नावाने मुए थाईहून वेगळी शिकवली जाते. सिलॅटमध्ये चाकू, कोयता, काठी हे सगळं त्याच पोटात. नुसत्या हाताचे डावही समोरच्याकडे पातं असेल असं धरूनच बसवलेले, म्हणून तर आधी मनगट धरायची ओढ. २०१४ च्या ‘द रेड २’मधल्या स्वयंपाकघरातल्या लढतीत चेचेप आरिफ रहमान दोन्ही हातांत जे वाकडं पातं घेऊन उतरतो ते करांबित. त्याला सर्रास वाघनख म्हणतात, ते काही बरोबर नाही. वाघनखांची नखं अनेक आणि ती तळहातात लपतात. करांबितला एकच पातं, आणि मुठीच्या टोकाला बोट अडकवायची कडी.

आता इतका वेळ मांडलेल्या खुणेला सुरुंग लावणारं उदाहरणही दिलं पाहिजे. टोनी जाचाच २००५ चा ‘टॉम-यम-गूंग’. चोरलेल्या हत्तींच्या शोधात नायक सिडनीला जातो. त्यात जिना चढत चढत, मजल्यामागून मजला, जवळपास चार मिनिटं एकाच शॉटमध्ये मारामारी चालते आणि ती अस्सल टोनी जा पद्धतीची आहे: एक माणूस, एक फटका, पुढे चला. पण शेवटाकडे तो चाळीसेक जणांचे हातपाय एकामागून एक पिळून मोडतो. पकड, मुरगळणी, सांधा. हे तर सिलॅट झालं की! नाही. हत्तीच्या सोंडेच्या आणि सुळ्यांच्या हालचालींवर बेतलेली ती शैली खास चित्रपटासाठी घडवलेली आहे. आणि २००८ च्या ‘ओंग-बाक २’मध्ये तो इतक्या देशांच्या विद्या मिसळतो की नाव द्यायच्या भानगडीत पडू नये. ‘द रेड’च्या बाजूलाही भेसळ आहेच, त्यातला अभिनेता जो तास्लिम हा इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघात खेळलेला ज्युदोपटू आहे, आणि त्याच्या फेकी बघितल्या की ते कळतं.

दोन्ही नायक हॉलिवूडने आणि इतरांनी वापरून घेतले, बहुतेक वेळा वाया घालवले. ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’मध्ये इको आणि यायानला घेऊन त्यांना धड मारामारीच दिली नाही, हा तर विक्रमच. २०१९ च्या ‘ट्रिपल थ्रेट’मध्ये टोनी जा आणि इको उवैस एकत्र आहेत. चित्रपट यथातथाच, पण एकाच प्रसंगात दोघांना शेजारी शेजारी बघायचं असेल तर इथे बघा: एकाचे हात कपाळाशी परत येतात, दुसऱ्याचे येत नाहीत.

पडद्याबाहेरचं सिलॅट बघायची संधी आपल्याकडेही आहे. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पिंच्याक सिलॅटचा समावेश होता, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १६ पैकी १४ सुवर्णपदकं यजमान इंडोनेशियाने नेली होती. ‘द रेड’ डोळ्यांसमोर ठेवून मैदानावर गेलात तर मात्र हिरमोड होईल. स्पर्धेत छातीवर जाड संरक्षक कवच असतं आणि चेहऱ्यावर मारायला बंदी. गुणांकडे मात्र नजर टाका: ठोशाला एक, लाथेला दोन, आणि समोरच्याला पाडलं तर तीन.