रिटायर झाल्यावर केंद्राच्या खात्यात सल्लागार म्हणून जायचंय? मानधनाचा हिशोब आणि कागद आधी नीट बघा

मंत्रालयं आणि खाती निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांना कन्सल्टंट किंवा सल्लागार म्हणून कंत्राटावर घेतात, त्याच्या पैशांचा नियम अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने 9 डिसेंबर 2020 च्या ओएमने (ऑफिस मेमोरँडम, म्हणजे कार्यालयीन आदेशाने) ठरवून दिलाय. अशा नेमणुका कमीत कमी असाव्यात, खरंच गरज असेल तरच कराव्यात असं त्यात स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे ओळखीवर हमखास होईल असं धरून बसू नका.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मानधनात. नियम असा की निवृत्तीच्या वेळचा पगार वजा बेसिक पेन्शन. आता पेन्शन म्हणजे बँकेत जमा होते ती असं बहुतेकांना वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. कम्युटेशन घेतलं असेल, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असतील, तर तो विकलेला भाग सुद्धा पेन्शनमध्ये धरूनच वजा करतात. समजा शेवटचं बेसिक 1,12,400 होतं, पेन्शन बसली 56,200, त्यातली 40 टक्के विकली म्हणून हातात बेसिक येतं 33,720. माणूस 78,680 मानधनाची आशा धरतो आणि ऑर्डरमध्ये असतात 56,200. भांडून उपयोग नाही, ओएममध्येच तसं आहे. त्यावर डीए नाही, वार्षिक वाढ नाही, कंत्राट संपेपर्यंत आकडा तोच. येण्याजाण्यासाठी ठराविक वाहतूक भत्ता मिळू शकतो पण तो निवृत्तीच्या वेळच्या दरापेक्षा जास्त नाही. रजा महिन्याला दीड दिवस, पुढच्या वर्षात नेता येत नाही. तुमची पेन्शन मात्र चालू राहते, तिची काळजी नको.

मुदत पहिल्यांदा साधारण एक वर्षापर्यंत, पुढे वाढू शकते, पण निवृत्तीच्या वयानंतर पाच वर्षांपलीकडे नाही. साठाव्या वर्षी रिटायर झालेल्या आणि आता चौसष्ट पूर्ण केलेल्या माणसाने अर्ज करताना आपल्याला किती महिने उरलेत ते मोजावं. शिवाय जाहिरातीत वयाची स्वतःची अट असते आणि वय कुठल्या तारखेला मोजणार तेही दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

कागदांमध्ये आधार, पॅन, फोटो, बायोडाटा हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), शेवटचं वेतन प्रमाणपत्र आणि व्हिजिलन्स क्लिअरन्सवर (तुमच्यावर चौकशी चालू नाही असं खात्याचं पत्र). पीपीओचं नुसतं पहिलं पान जोडू नका हो, ज्या पानावर कम्युटेशनच्या आधीची पूर्ण पेन्शन लिहिलीय तेच पान लागतं, कारण मानधन त्यावरूनच काढायचंय. डिजिलॉकरमध्ये ईपीपीओ (पीपीओची इलेक्ट्रॉनिक प्रत) घेतला असेल तर अख्खी पीडीएफ जोडा. व्हिजिलन्सचं पत्र जाहिरातीत मागितलं असेल तर शेवटच्या ऑफिसला पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण तिथे ‘तुम्ही तर रिटायर झालात, आता आमच्याकडे काय’ असं ऐकवतात आणि फाईल तशीच पडून राहते. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एका पत्रासाठी असं ताटकळत ठेवणं बरोबर नाही, पण पत्र नसलं तर अर्ज बाद तुमचाच होतो.

शेवटच्या तारखेचंही बघा. काही जाहिराती तारीख देतच नाहीत, ‘एम्प्लॉयमेंट न्यूजमध्ये छापल्यापासून तीस दिवस’ असं काहीतरी लिहितात. लोक वेबसाईटवर बघितल्या दिवसापासून मोजतात आणि उशीर होतो. पोस्टाने मागितलं असेल तर टाकल्याची नाही, पोचल्याची तारीख धरतात का ते बघा.

राज्य सरकारातून निवृत्त झालेल्यांनी वरचा हिशोब स्वतःला लावू नये, महाराष्ट्र शासनाचा करार पद्धतीचा 17 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय वेगळा आहे, खात्याच्या आस्थापना शाखेत तो मागून वाचा.