पुढाकार घेणं आणि पुढे पुढे करणं

"उगाच पुढे पुढे करू नकोस" हे वाक्य मराठी घरांत मुलांच्या, त्यातही मुलींच्या कानावर फार लवकर पडतं. ते इतकं खोल रुजतं की नोकरीला लागल्यावर मीटिंगमध्ये उत्तर येत असूनही माणूस मान खाली घालून बसतो. या एका भीतीपायी आपल्याकडची कितीतरी गुणी माणसं मागे राहिली, असं मला मनापासून वाटतं. बाहेरून पुढाकार घेणं आणि पुढे पुढे करणं या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, हे खरं. न सांगता उठणं, बोलणं, "मी करतो" म्हणणं दोन्हीकडे असतंच. म्हणून फरक कुठे असतो ते नीट बघायला हवं.

कारखान्यात तो चटकन कळतो. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांकडून सुधारणांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. आज आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींतही शॉप फ्लोअरवर काइझेनचा, म्हणजे कामगारांनी केलेल्या छोट्या छोट्या सुधारणांचा, बोर्ड असतो आणि महिनाअखेर सुपरवायझर फॉर्म मागत फिरतो. एक जण कपाट आवरतो, आधीचा आणि नंतरचा फोटो चिकटवतो, फॉर्म देतो. दुसऱ्याच्या मशीनवर ड्रिल वारंवार तुटत असतं. तो प्रत्येक वेळी किती वाजता तुटलं ते जॉब कार्डच्या मागे लिहून ठेवतो. कूलंटची, म्हणजे ड्रिल थंड ठेवणाऱ्या पाण्याची, नळी हळूहळू सरकते आणि पाणी टोकावर पडतच नाही, हे त्याच्या लक्षात येतं. मेंटेनन्सवाल्यांच्या मागे लागून तो एक छोटा क्लॅम्प बसवून घेतो, फॉर्म भरतो. बोर्डावर दोघांचे कागद शेजारी शेजारी लागतात. पुढच्या आठवड्यात क्लॅम्प ढिला होतो, तेव्हा पान्हा घेऊन पुन्हा तिथे हा दुसराच उभा असतो.

फॉर्म दिल्यानंतर कोण काय करतो, हीच माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण. पुढे पुढे करणाऱ्याचं काम साहेबांनी पाहिलं की संपतं. पुढाकार घेणारा काम अडलं, रखडलं, कंटाळवाणं झालं तरी ते सोडत नाही.

आणखी एक खूण माहितीची. पुढे पुढे करणारा माहिती स्वतःपाशी ठेवतो, म्हणजे प्रत्येक वेळी त्यालाच विचारावं लागतं. पुढाकार घेणारा रजेवर गेला तरी काम चालतं, कारण त्याने शेजारच्याला सगळं दाखवून ठेवलेलं असतं. दुसऱ्याच्या टेबलावरचं काम न विचारता उचलणं मात्र पुढाकारात बसत नाही. त्याने फक्त माणसं दुखावतात.

आता ज्या दोन गोष्टींवरून आपण सर्रास चुकीचा निवाडा करतो, त्यांच्याकडे येते. पहिली, लोकांच्या नजरेत येणं. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला होत्या. अमेरिकेला जाऊन डॉक्टर होण्याचा त्यांचा बेत कळताच चहूकडून टीका सुरू झाली. तेव्हा वयाची अठरा वर्षंही पुरी न झालेली ही मुलगी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभी राहिली आणि आपण का जात आहोत हे तिने इंग्रजीत सांगितलं. या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा तिचा मुद्दा होता. त्यामागे स्वतःचं दुःख होतं: चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. त्या काळात बाईने भर सभेत बोलणं हे पुढे पुढे करण्याचं टोकच वाटलं असणार. पण भाषण करून त्या थांबल्या नाहीत. प्रकृती साथ देत नसताना फिलाडेल्फियात शिकल्या, ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. ती हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. हे वाचताना आजही माझा जीव कळवळतो.

दुसरी गोष्ट, स्वतःसाठी काही हवं असणं. बढती हवी, पगार हवा, नाव व्हावं, यात वाईट काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचा धंदा केला, मग लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासेल या धास्तीने शेतकरी ते घेईनात. तरी ते नांगर सुधारत, लोकांना पटवत राहिले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महत्त्वाकांक्षा त्यांच्यात भरपूर होती, आणि ती कामाच्या आड आली नाही.

म्हणून कुणी "फार पुढे पुढे करते" म्हणालं, तर मी काम कुठवर आलंय ते बघते. आणि ज्यांची जीभ अजूनही अडखळते, त्यांनी सुरुवात लेखी करावी. तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याशी आधी बोलून घ्यावं, म्हणजे त्याला ते परस्पर कळणार नाही. मग वरिष्ठांना चार ओळी पाठवाव्यात. त्यात अडचण, आपण काय करून पाहिलं, काय हवंय आणि पुढचा हिशेब कधी देणार, एवढं पुरे: "सर, डिस्पॅचची यादी रोज हाताने जुळवताना चुका राहतात. मागच्या आठवड्यात एक्सेलमध्ये जुळवून बघितली, फाइल सोबत जोडली आहे. जाधवदादांनीही बघितली आहे. महिनाभर हे काम माझ्याकडे द्याल का? दर शनिवारी किती चुका निघाल्या ते कळवेन."